कृष्णेवर आणखी एक उंच पूल: पैसा पुलात घालायचा की रस्त्यात?

कृष्णाकाठ
पूर ओसरला की सांगली जिल्ह्यात कुठून ना कुठून नव्या उंच पुलाची मागणी येतेच. पण पुलाच्या दोन्ही अंगांचा रस्ता किती उंचीवर आहे, हे कुणी विचारत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा अंकलीजवळ सांगली-कोल्हापूर रस्ता पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली. पंचगंगेकाठी शिरोलीजवळ महामार्गाचं तेच झालं, 2019 ला आणि पुन्हा 2021 ला. सगळीकडे पूल उभे होते, बुडाले ते रस्ते. म्हणून माझं स्पष्ट मत: नवा पूल आत्ता नको. आधी बुडणारा रस्ता वर घ्या आणि जुने पूल नीट दुरुस्त करा.

ऊसपट्टा
रस्ता वर घ्या म्हणजे भराव टाका, असंच ना? मग त्याचा हिशेब करू. वरची रुंदी 10 मीटर, उंची 5 मीटर, बाजूंचा उतार दोनास एक, म्हणजे दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर उंची. तळाशी रुंदी 30 मीटर होते. एका किलोमीटरला एक लाख घनमीटर मुरूम, तोही दाबून बसलेला. सैल मुरूम वीस टक्के जास्त धरला तर 14 घनमीटरच्या हायवाच्या, म्हणजे मोठ्या टिपरच्या, साडेआठ हजार खेपा. जमीन जाते 3 हेक्टर, म्हणजे साडेसात एकर बागायत, आणि 2013 च्या कायद्याने बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम वेगळी. एवढं करून तो भराव पूरपट्ट्यात आडवा बांध होऊन बसतो. वरच्या अंगाला फुगवटा येतो आणि आजवर कोरडी राहिलेली गल्ली पाण्यात जाते. शिरोलीकडचे लोक भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता मागतात ते याचसाठी. मग तोच पैसा लांब पुलात घाला. नदीच्या पात्रापुरता पूल न बांधता पूरपट्टाही गाळ्यांनी, म्हणजे खांबाखांबांमधल्या मोकळ्या जागा ठेवून, ओलांडा.

कृष्णाकाठ
भरावात मोऱ्या ठेवता येतात की.

ऊसपट्टा
ठेवतात, पण मोजक्या आणि अरुंद. पहिल्याच लोंढ्यात जलपर्णी, उसाचं पाचट, वाहून आलेली झाडं तोंडाशी अडकतात. मोरी अर्धी तुंबली की पाणी भरावाच्या अंगाला घासत जातं आणि पुलाच्या टोकाशीच भराव कापला जातो. त्यात खाली काळी माती. ती काढून टाकली नाही तर भराव बसत राहतो, पूल जागचा हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर खड्डा पडतो. तो डांबराने कितीही भरा, पुढच्या पावसाळ्यात परत येतो.

अंदाजपत्रक
तुम्ही दोघंही खर्च नेमका कुठे फुगतो ते सोडून बोलताय. मोठ्या विसर्गाच्या नदीवर सर्वोच्च पूर पातळी आणि गर्डरची (पुलाच्या आडव्या तुळईची) तळबाजू यांत दीड मीटर मोकळं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे 2019 ची पातळी धरली तर पूल आणखी वर जातो, आणि पोहोच रस्त्याची, म्हणजे पुलावर चढणाऱ्या रस्त्याची, लांबीही वाढते. दुसरं, पायाची बोअर तपासणी, म्हणजे जमिनीत भोक पाडून खडक किती खोल ते बघणं. दोन्ही काठांवर दोन बोअर घेऊन अंदाज बांधला आणि मधल्या खांबाखाली खडक खोल निघाला, तर साध्या पायाऐवजी पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घ्यावे लागतात आणि निविदेतला आकडा निरर्थक ठरतो. प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घ्यायला लागणारा पैसा एकूण खर्चात नगण्य आहे. तो वाचवू नका.

तिसरं म्हणजे हंगाम. नदीतलं काम साधारण नोव्हेंबर ते मे एवढंच होतं. मेअखेर पाया पाण्याच्या वर आला नाही तर तात्पुरता बांध वाहून जातो आणि एक वर्ष हातचं जातं. भूसंपादन रखडल्यामुळे जानेवारीत काम सुरू होतं, तिथेच हे गणित बिघडतं. जमीन ताब्यात नसताना कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) देऊ नये, ही अट लोकांनीच धरून ठेवायला हवी.

दगडी कमान
जुन्या पुलांबद्दल कुणीतरी बोला. आयर्विन 1929 चा, दगडी कमानींचा. कमानीला बेअरिंग (गर्डर आणि खांब यांच्यामधली उशी) नाहीत, म्हणून बेअरिंग खराब होण्याचा दोष तिथे येतच नाही. मरतो तो सांध्यातला चुना. पिंपळाची मुळं दगड सरकवतात आणि खांबाच्या पायथ्याशी माती खरवडून जाते. महाडचा सावित्री पूल 2 ऑगस्ट 2016 ला पुरात गेला, तोही ब्रिटिशकालीन दगडी कमानींचाच.

दुरुस्तीचा क्रम असा: पूर ओसरल्यावर पाणबुड्यांकडून पायथ्याची तपासणी, मग मुळं खोलवर काढणं, सांधे खरवडून पुन्हा भरणं, मग ग्राउटिंग, म्हणजे आतल्या पोकळ्यांत पातळ मसाला दाबाने भरणं. दाब जास्त दिला तर ग्राउट दगडालाच बाहेर ढकलतं, म्हणून हळू आणि खालून वर. आणि कृपा करून डांबरावर डांबर टाकू नका. 7 मीटर रुंदीवर 50 मिलिमीटरचा एक थर म्हणजे दर मीटर लांबीला 800 किलोच्या आसपास वजन. 100 मीटरला 80 टन, तेही कायमचं. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकणं म्हणजे रिकाम्या पुलावर ट्रक उभे करून ठेवणं.

पूरग्रस्त गाव
हे सगळं मान्य. पण 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली, कारण गावाला चहूबाजूंनी पाण्याने वेढलं होतं. अशा गावांना तुम्ही खर्चाचा हिशेब सांगणार का?

कृष्णाकाठ
दादा, त्या गावांसाठीच सांगतोय. वेढा पडतो तेव्हा नदीपलीकडे जायला पूल असून उपयोग नसतो, कारण पलीकडेही पाणीच असतं. गावातून उंच भागाकडे जाणारा, पुरातही उघडा राहील असा एक रस्ता लागतो. तो पुलाच्या अंशभर खर्चात होतो.

ऊसपट्टा
ज्या गावामागे उंच भाग जवळ आहे तिथे. जिथे मळीच मळी (नदीकाठची सखल जमीन) आहे, तिथे तो रस्ताही खांबांवरच घ्यावा लागेल, आणि मग तुमचा अंशभर खर्च राहत नाही.

अंदाजपत्रक
म्हणून ग्रामसभेत ठराव करताना नुसतं ‘पूल हवा’ लिहू नका. रस्त्याचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा उभा छेद, म्हणजे कुठे किती उंची ते दाखवणारा नकाशा, मागा, त्यावर 2005, 2019 आणि 2021 च्या पूररेषा काढायला लावा. पूल, पोहोच रस्ता, जमीन आणि पुढची देखभाल यांचे आकडे चार वेगळ्या ओळींत मागा. आधी हे कागद हातात येऊ देत, मग भरावावर आणि गाळ्यांवर भांडू.