क्लारा झेटकिन फक्त ८ मार्चपुरतीच का?

अनघा_वाचते:
यंदा आमच्या मंडळात महिला दिनाला मी बोलणार आहे, जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिनवर. पण कुठेही वाचा, तीच एक ओळ, १९१० साली कोपनहेगनला महिला दिनाचा ठराव मांडला. अहो त्यानंतर बाई २३ वर्षं जगल्या, त्याचं काय? हिटलरच्या लोकांसमोर संसदेत भाषण केलं होतं म्हणतात, ते खरं का? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

जुनी_पानं:
अगदी खरं, आणि सुरुवातच तिथून करा. ३० ऑगस्ट १९३२. जुलैच्या निवडणुकीत नाझी २३० जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष झालेले, पण राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, प्रथा अशी की नव्या सभागृहाची पहिली बैठक वयाने सगळ्यात मोठ्या सदस्याने सुरू करायची, आणि त्या निघाल्या कम्युनिस्ट क्लाराबाई, वय ७५, नजर जवळपास गेलेली, तब्येत पार ढासळलेली, तरी मॉस्कोहून बर्लिनला आल्या. समोर गणवेशात बसलेले नाझी खासदार, आणि ह्या सांगतायत की राजकारणाचे, धर्माचे भेद बाजूला ठेवून कष्टकऱ्यांनी एक व्हा आणि फॅसिझमला अडवा. त्याच दिवशी सभागृहाने नाझी नेता गोअरिंगला आपला अध्यक्ष निवडलं. पुढच्या जानेवारीत हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, आणि २० जून १९३३ ला बाई मॉस्कोजवळ वारल्या. मला तो प्रसंग वाचताना दरवेळी गलबलून येतं.

सरळ_बोल:
भाषण मोठंच, पण पुढचंही सांगा ताई. बाई एकीची हाक देत होत्या तेव्हा त्यांचाच कम्युनिस्ट पक्ष, थेलमानच्या नेतृत्वाखाली, सोशल डेमोक्रॅट्सना, म्हणजे कामगारांच्या दुसऱ्या मोठ्या पक्षाला, 'सोशल फॅसिस्ट' म्हणत होता, मग एकी करायची कुणाशी? बाईंना स्वतःला हे धोरण पटत नव्हतं. १९२३ मध्येच त्यांनी कॉमिन्टर्नपुढे, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेपुढे, मांडलं होतं की फॅसिझम म्हणजे नुसते भांडवलदारांचे गुंड नव्हेत, निराश झालेली साधी माणसंसुद्धा त्यामागे जातायत. इतकं आधी ओळखलेल्या बाईने पक्षाच्या चुकीवर चारचौघांत तोंड उघडलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लायप्झिगकर:
मी इथे जर्मनीत, लायप्झिगला नोकरीला आहे, बाईंच्या नावाच्या पार्कातून रोज सायकलने जातो. त्यांचं शिक्षिकेचं शिक्षणही ह्याच गावात झालं. इथल्या जुन्या बाजारात पूर्व जर्मनीची १० मार्कांची नोट मिळाली, तपकिरी, पुढे क्लाराबाईंचा चेहरा, मागे कंट्रोल पॅनलसमोर बसलेली एक बाई. मंडळात दाखवायला फोटो पाठवतो.
एक मुद्दा नक्की घ्या: १८९२ पासून १९१७ पर्यंत त्या 'डी ग्लाइशहाइट' म्हणजे 'समता' हे कामगार बायकांचं पत्र चालवत होत्या. त्यातली बरीच वर्षं अशी की प्रशियात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात मोठ्या राज्यात, बायकांना राजकीय संघटनेत जायलाच बंदी, ती उठली १९०८ ला. नवरा ओसिप १८८९ मध्ये पॅरिसला वारला, पदरात दोन लहान मुलगे, आणि त्याच वर्षी तिथल्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये त्या कामगार बायकांच्या हक्कांवर बोलल्या. आणि हो, ठरावात ८ मार्च नव्हता. पहिला महिला दिन १९ मार्च १९११ ला झाला, ८ मार्च नंतर रशियातल्या १९१७ च्या घडामोडींमुळे रूढ झाला.

अनघा_वाचते:
तारखेचं मला खरंच माहीत नव्हतं, बॅनरवर चूक छापली असती! लायप्झिगकर, फोटो आजच पाठवा ना, प्रिंटवाल्याला उद्या सकाळी द्यायचाय. सरळ_बोल, तुमचा मुद्दाही घेते, पण आधी ते भाषण.