मदत हवी आहे: गेमप्ले व्हिडिओत माझा आवाज हळूहळू मागे पडतोय

नमस्कार मंडळी,

पीएस४ या गेमिंग कन्सोलवर खेळतो आणि सध्या गेमप्ले व्हिडिओ बनवायचं खूळ डोक्यात शिरलंय, म्हणजे नुसता गेम नाही, खेळता खेळता मराठीत बडबड पण. कॅप्चर कार्ड (कन्सोलचं चित्र आणि आवाज लॅपटॉपवर घेणारं यंत्र) नाहीये. कन्सोलचंच रेकॉर्डिंग वापरतो, सेटिंगमधे जाऊन क्लिपची लांबी १५ मिनिटांवरून ६० वर नेलीये, शेअर बटण दोनदा दाबायचं की सुरू. आवाज मात्र फोनवर वेगळा घेतो कॉलर माइक लावून. नंतर क्लिप पेनड्राइव्हवर काढून लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटर, फुकटवालं, त्यात दोन्ही एकाखाली एक ठेवतो.

आता गंमत अशी की सुरुवातीला दोन्ही अगदी बरोब्बर जुळवलं तरी पुढे पुढे आवाज मागे पडत जातो. दहा मिनिटांपर्यंत कळत नाही, पण चाळीस मिनिटांच्या क्लिपच्या शेवटी बॉस मरून पडलेला असतो आणि मी त्यानंतर "मेला मेला मेला" करून बोंबलतोय. शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. मग दर थोड्या वेळाने आवाज कापून पुढे सरकवत बसतो, त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि तरी मधेमधे वाक्य तुटल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

दुसरं म्हणजे मारामारी सुरू झाली की म्युझिकमधे माझा आवाज बुडतो, आणि गेमचा आवाज कमी करून ठेवला तर शांत सीन अगदीच मेल्यासारखे वाटतात.

कंट्रोलरला हेडसेट लावून माइकचा आवाज क्लिपमधेच घ्यायचा पर्याय माहितीये, पण त्यात गेम आणि मी एकाच ट्रॅकवर येतो, नंतर वेगळं करता येत नाही, म्हणून तो नकोय. कॅप्चर कार्ड घ्यावंच लागेल का? लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आगाऊ धन्यवाद.

खटपट्या:
कार्डाचं नंतर बघू, आधी दुखणं कुठलं ते बघ. आवाज मागेपुढे होण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच फरक, तो ट्रॅक सरकवला की संपला. दुसरा वाढत जाणारा, तुझा तो आहे, त्याला सरकवून काहीही होणार नाही कारण मुळात दोन फायलींची लांबीच वेगळी आहे.

आता लांबी का वेगळी, तर संशयित तीन. क्लिपचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता असणं, म्हणजे व्हेरिएबल. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाक, फ्रेमरेट मोडसमोर व्हेरिएबल दिसलं तर आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे स्थिर, करून घे आणि मगच एडिटरमधे आण. दुसरा, सेकंदाला २९.९७ फ्रेमची क्लिप कुठेतरी ३० ची समजून चालवली जाणं. हा ओळखायला सोपा, तासाला साधारण ३.६ सेकंदांचा फरक पडतो, चाळीस मिनिटांत २.४. आणि तिसरा, कन्सोलचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ. दोघंही म्हणतात सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) पण दोघांचा सेकंद अगदी एकसारखा नसतो, दोन वेगळ्या मशीनवर लांब रेकॉर्डिंग केलं की हे होणारच, महागड्या रेकॉर्डरवर पण थोडं होतं.

तुझा शेवटचा फरक नक्की किती आहे ते मोजून सांग.

धागाकर्ता:
मोजला. चाळीस मिनिटांना ०.६ सेकंद. मीडियाइन्फोत कॉन्स्टंट दाखवतंय.

खटपट्या:
मग घड्याळच. ०.६ भागिले २४००, म्हणजे ०.०२५ टक्के. एवढा वेग बदलला तर आवाजाची पट्टी बदललेली कुणाच्या बापाला कळणार नाही.

असं कर. रेकॉर्डिंग सुरू झालं की हेडफोनचा एक कान माइकला चिकटव आणि गेमच्या मेनूत एकदा टिक वाजव, ज्याने कर्सर हलतो ती. ती टिक दोन्ही फायलींत उमटते. खेळ संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी परत तेच. सगळे टाळी वाजवायला सांगतात पण तुझ्या क्लिपमधे माइकच नाही तर टाळी ऐकणार कोण. मग क्लिपमधे टिक ते टिक किती वेळ आहे तो लिहून ठेव. फोनची फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमधे उघडून टिक ते टिक एवढीच ठेव, बाकी काप. इफेक्टमधे वेग बदलायचा जो पर्याय आहे त्यात नवीन लांबी टाकायची जागा असते, तिथे क्लिपवाला वेळ टाक. टक्केवारीचं गणितसुद्धा करावं लागत नाही. ही फाइल पहिल्या टिकेला जुळवली की शेवटची आपोआप जुळते.

आणि हो, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेव, हेडफोनवरच खेळ. नाहीतर माइकमधे गेमचा आवाज शिरतो आणि मिक्स केल्यावर सगळं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं.

बडबड्या:
मी म्हणतो एवढा व्याप कशाला, आधी खेळून घे, मग क्लिप कापूनकुपून पंधरा मिनिटांची कर आणि ती बघत बघत आवाज दे. फरक पडायला वेळच मिळत नाही आणि "अं अं, थांबा, इकडे होतं काहीतरी" हे सगळं वगळता येतं.

धागाकर्ता:
करून बघितलं, पण बॉस कसा मरणार हे माहीत असताना घाबरल्याचं नाटक करावं लागतं, स्वतःलाच ऐकवत नाही.

बडबड्या:
हे खरंय. हॉररला आणि पहिल्यांदा खेळताना लाइव्हच पाहिजे. कोडी सोडवून दाखवायची, रस्ता दाखवायचा तर नंतरचा आवाज बरा.

वायरमन:
कार्डाबद्दल बोलतो. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधे कार्डावरून गेम आणि माइक एकाच वेळी येतात, वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतात, एकाच फाइलमधे, त्यामुळे असला वाढत जाणारा फरक सहसा डोकं वर काढत नाही. फक्त कार्डाचं चित्र थोडं उशिरा पोचतं, तेवढे मिलिसेकंद माइकला उशीर लावून द्यायचा, एकदा जुळलं की जुळलं. कन्सोलच्या सेटिंगमधे एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) बंद कर नाहीतर काळा पडदा येईल (बंद असताना सिनेमे दाखवणारी ॲप चालत नाहीत, घरच्यांना आधी सांगून ठेव). रेकॉर्डिंग एमकेव्ही फॉरमॅटमधे कर, मधेच लॅपटॉप बंद पडला तरी तोवरची फाइल वाचते, एमपी४ वाचेलच असं नाही, नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करता येतं. आणि पासथ्रू असलेलंच कार्ड घे, म्हणजे टीव्हीवर बघून खेळता येतं, लॅपटॉपच्या प्रीव्ह्यूवर खेळायला गेलास तर उडी मारेपर्यंत खड्ड्यात. डब्यावर ४के लिहिलंय म्हणून भुलू नकोस, पुष्कळदा ते फक्त आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं, रेकॉर्ड किती होतं ते बारीक अक्षरांत.

पण तुझ्या लॅपटॉपवर आत्ता घाई करू नकोस असं माझं मत. साध्या पीएस४ ची क्लिप ७२०पी ३० फ्रेमची असते, ती चित्राला कमी वाटायला लागली की घे. आवाजासाठी घ्यायची गरज नाही.

खटपट्या:
+१. म्युझिकमधे बुडण्याबद्दल: गेमच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) टाक आणि त्याला साइडचेन म्हणून, म्हणजे कधी दाबायचं त्याचा इशारा म्हणून, तुझा ट्रॅक दे. तू बोललास की गेम खाली, गप्प झालास की वर. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या आवाजाच्या पानावर होतं हे. परत वर यायचा वेळ जरा लांब ठेव, अर्धा सेकंद वगैरे, नाहीतर प्रत्येक शब्दागणिक म्युझिक हिंदकळतं. स्वतःचा आवाज सर्वात जोरात ओरडतोस तिथे -६ डेसिबलच्या आसपास राहील असा घे. नॉइज रिडक्शन (मागची घरघर काढणारा इफेक्ट) हात राखून, जास्त झालं की आवाज यंत्रातून आल्यासारखा चिरकतो.

धागाकर्ता:
टिकवाला उपाय केला, शेवटची टिक फ्रेमला फ्रेम बसली!! मधे कुठेही कापाकापी नाही. साइडचेन पण जमलं पण मी खोकलो की गेम खाली जातो 😅

खटपट्या:
खोकला कापून टाक ना आधी, ट्रॅक तर वेगळाच आहे तुझा. नाहीच जमलं तर कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला तो जागा होतो ती पातळी, थोडा वर घे.