पेशीत थेट प्रथिन सोडायचंय, टॅट घेऊ की इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने पेशीच्या पटलाला छिद्रं पाडणं)?

पॅसेज_बावीस: पीएचडीचं दुसरं वर्ष, पुणे. माणसाच्या त्वचेचे फायब्रोब्लास्ट (जोड-ऊती बनवणाऱ्या पेशी) वाढवतेय. विभागणी रोखणारं पी१६ प्रथिन बाहेरून दिलं तर तरुण पेशी म्हाताऱ्या होतात (विभागणं कायमचं थांबवतात) का, आणि ते संपल्यावर पुन्हा विभागू लागतात का, एवढंच बघायचंय. लेंटिव्हायरससारख्या विषाणूतून जनुक घातलं की ते कायमचं ठाण मांडतं, म्हणून प्रथिनच हवं. गाईड म्हणतात, "तूच ठरव."

भिंगवाला: टॅट म्हणजे एचआयव्हीच्या प्रथिनातला ११ अमिनो आम्लांचा तुकडा. प्रथिन बनवतानाच जोडता येतो, रोज माध्यमात टाकता येतो. पण बहुतेक माल एंडोसोमच्या पिशवीत (पेशी बाहेरचं काही आत घेते तेव्हा बनणारी) अडकतो नि तिथेच सडतो. पी१६ला सीडीके४ नि सीडीके६ (विभागणी पुढे नेणारी एन्झाइमं) गाठायचेत, पिशवीत बसून काय उपयोग? आणि प्रथिनाला लावलेल्या रंगाची चमक पेशीत दिसली म्हणून हुरळू नकोस. पेशी फिक्स करताना (रसायनाने मारून आहे तशी टिकवताना) बाहेर चिकटलेला टॅट केंद्रकात घुसतो, हे २००३ मध्येच दाखवून झालंय. ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने) धुऊन जिवंत पेशीच बघ.

कंट्रोल_कुठाय: इलेक्ट्रोपोरेशनमध्ये पिशवीची भानगड नाही, पण झटक्याने काही पेशी मरतात. प्रथिनाशिवाय, नुसत्या बफरमध्ये (द्रावणात) झटका दिलेल्या पेशी सोबत ठेवच. शिवाय एका मात्रेने विभागणी थांबेल, म्हातारपण येईलच असं नाही. त्याला दिवस लागतात आणि रोज झटके कोण सोसणार? माझं मत: आधी इलेक्ट्रोपोरेशनने प्रथिन चालतं का बघ, मग टॅट. तुलनेला पाल्बोसिक्लिब हे औषध ठेव, तेही सीडीके४/६च अडवतं आणि आपलं आपण आत जातं.

पॅसेज_बावीस: इलेक्ट्रोपोरेशनच्या किटसोबत सरावासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम आलंय. त्यावर हात बसवू?

कंट्रोल_कुठाय: नको गं बाई! म्हातारपण ओळखायला पीएच ६ची निळी चाचणी करणार ना? तीही याच एन्झाइमची. निळं कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. माझे दोन महिने याच्यात गेलेत. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) घे.

भिंगवाला: प्रथिन ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवतेयस का? मग एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या भिंतीतलं विष) काढ. नाहीतर त्यानेच आयएल-६ (दाहाचा संकेत देणारं, म्हाताऱ्या पेशीही सोडतात ते प्रथिन) वाढेल आणि तू म्हणशील पेशी म्हातारी झाली.

पॅसेज_बावीस: ई. कोलायच. अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं. काढायला कॉलम (एंडोटॉक्सिन पकडणारी नळी) वापरता की ट्रायटॉन एक्स-११४ (साबणासारखं द्रव्य)?

भिंगवाला: आम्ही ट्रायटॉनच. पण नंतर नीट काढून टाक, उरलं तर पेशींचं पटल फोडतं.