शटर आयलंड: शेवटी टेडी बरा झालेला असतो का नाही?

कडकभाकरी: काल लाईट गेलती म्हणून गच्चीवर लॅपटॉपच्या बॅटरीवर तिसऱ्यांदा हा पिक्चर बघितला (स्पॉइलर आहेत, ज्यांनी बघितला नाही त्यांनी कल्टी मारा). १९५४ साल, बेटावरचं वेड्यांचं हॉस्पिटल, डिकाप्रियो मार्शल म्हणून पळालेली पेशंट शोधायला येतो आणि निघतो स्वतःच पेशंट. बायकोनं तिन्ही पोरं तळ्यात बुडवली, ह्यानं तिला गोळी घातली, ते सोसेना म्हणून टेडी नावाचा दुसराच माणूस बनून बसलेला. माझं मत, शेवटी तो पूर्ण शुद्धीत आहे आणि मुद्दाम वेडा बनून मेंदूचं ऑपरेशन पत्करतो. डॉक्टर मागून टेडी म्हणून हाक मारतो, हा वळत पण नाही. खरंच टेडी असता तर वळला असता की बे.

साचेवाला: काय बोलालास बे, वळला नाही म्हणून बरा? आमचा शेठ पगाराच्या दिवशी हाक मारली तरी वळत नाही. राक्षस होऊन जगावं का चांगला माणूस म्हणून मरावं, हे जे तो विचारतो ना, ते ज्यावरून पिक्चर काढला त्या लेहेनच्या २००३ च्या कादंबरीत नाहीच. पिक्चरमध्ये घातलंय, लोकांनी बाहेर येऊन भांडावं म्हणून, आणि आपण भांडालाव.

कडकभाकरी: कादंबरीचं कादंबरीपाशी. मी पिक्चरबद्दल बोलालोय.

नव्यापेठेतली: बरा का वेडा ते राहू द्या, मला त्या डॉक्टरांचा राग येतो. एक बाई पाणी पिते तेव्हा हातात ग्लासच नसतो, मला आधी एडिटिंगची चूक वाटलेली. म्हणजे टेडीला पाणी बघवत पण नाही, आणि त्याला फळ्यावर नावाची अक्षरं फिरवून दाखवतात, बघ तूच तो. आमचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. मिल कधीची बंद, भोंगा कुठला आता, तरी पहाटे चपला घालून दारात, डबा दे म्हणतात. बाबा आधी सांगायचे, अण्णा मिल बंद पडली. त्यांना दर वेळी ते नव्यानं कळायचं, रोज सकाळी नोकरी जायची त्यांची. आता आई भाकरी-चटणी बांधून देते, कोपऱ्यावरचा पानटपरीवाला म्हणतो अण्णा आज सुट्टी, की परत येतात आणि उंबऱ्यावर बसून डबा खातात.

साचेवाला: ताई, अण्णांचं वेगळं ओ. त्यांची आठवण पुसली गेलीय, टेडीला सगळं आठवतंय म्हणून तर एवढी गोष्ट रचलीय त्यानं. शिवाय तो दुसऱ्या पेशंटला मरेस्तोवर मारणारा माणूस, त्याला सुट्टी म्हणून घरी कसं पाठवणार?

कडकभाकरी: हे मात्र बरोबर. आणि डॉक्टर लोक त्याला ऑपरेशनपासून वाचवायलाच, मार्शल समजून शोध घेऊ द्यायचं ते नाटक करतात, त्या काळी त्या ऑपरेशनला नोबेल मिळालेलं, १९४९ ला, म्हणजे कोण अडवणार होतं. ताई, टपरीवाला रोज सुट्टीच म्हणतो का?

नव्यापेठेतली: नाही हो, रोज सुट्टी म्हणलं की त्यांना डाउट येतो. मग एखाद दिवशी संप आहे म्हणतो. संप म्हणलं की अण्णा एकदम खूश.