मुलांच्या वाकड्या कण्याचं ऑपरेशन: कोल्हापुरात की पुण्याला?

पन्हाळ्याचा_वारा: वाढीच्या वयातला स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं), कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला वाकाचा कोन) ५० अंशांपुढं गेला की ब्रेसचा (बाहेरून घालायच्या पट्ट्याचा) उपयोग नाही, बहुधा ऑपरेशनच. पण ज्या थिएटरात एमईपी-एसएसईपी मॉनिटरिंग (हालचालीचे नि संवेदनांचे सिग्नल मज्जारज्जूतून नीट जातायत का, हे ऑपरेशनभर मशीनवर बघणं) नाही, तिथं कण्यात रॉड-स्क्रू घालू देऊ नका. कोल्हापुरात ते मिळत असेल तर उत्तम, नाहीतर सरळ पुणं गाठा. कणा सरळ करताना मज्जारज्जू ताणला जातो, रक्तपुरवठा कमी पडतो. सिग्नल पडला की लगेच सरासरी रक्तदाब ८५ च्या आसपास न्यायचा, हिमोग्लोबिन-तापमान बघायचं, तरी सुधारलं नाही तर दिलेला ताण सोडायचा. हे वेळेत झालं तर पाय वाचतात.

रंकाळा_चौपाटी: पटत नाही. या मुलांत मज्जारज्जूला इजा शंभरात एकापेक्षाही कमी. मशीन नसेल तर वेक-अप टेस्ट (ऑपरेशनमधेच भूल हलकी करून पोराला पाय हलवायला सांगणं) आहे की! आणि घरी आल्यावर जखम पाझरली, ताप आला, तर २३० किलोमीटर कोण पळणार? बारीक पोरांना हिरव्या उलट्या होतात त्या वेगळ्याच: कणा लांबल्यावर आतड्याची सुरुवात रक्तवाहिनीखाली दाबली जाते. गावातला डॉक्टर पित्ताची गोळी देऊन मोकळा.

पन्हाळ्याचा_वारा: वेक-अप टेस्ट फक्त त्या क्षणाचं सांगते. पोराला झोपवल्यावर पुढच्या स्क्रूला काय झालं, कळणार कसं? अर्थात नुसतं मशीन असून भागत नाही. भूल गॅसवर ठेवली, स्नायू सैल करणारं औषध चालू राहिलं, तर एमईपी दिसतच नाही. भूल शिरेतून, प्रोपोफॉलवर देणार का, हे भूलतज्ज्ञाला आधी विचारा. उलट्यांचं मात्र मान्य.

शाहूपुरीकर: दोघंही धडधाकट पोरांचंच बोलताय. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं), स्नायूंचे आजार असतील तर इन्फेक्शन आणि फुप्फुसाचा त्रास कितीतरी जास्त. तिथं आधी वजन, अल्ब्युमिन (पोषण कसं आहे ते सांगणारं रक्तातलं प्रथिन), फुप्फुसाची तपासणी. मुलांचा आयसीयू नसेल तर विषयच बंद. आणि सात-आठ वर्षांच्या पोराचा छातीचा कणा लांबवर जोडून टाकला तर छाती वाढत नाही. म्हणून ग्रोइंग रॉड, म्हणजे पोराच्या वाढीबरोबर लांबवता येणारा रॉड. साधारण दर सहा महिन्यांनी लांबवायचा, मधे रॉड तुटतात, हुक निसटतात.

रंकाळा_चौपाटी: मग दर सहा महिन्यांनी पुणं? मजुरी बुडवून? ऑपरेशन कुठंही करा, पण इथला एक ऑर्थोपेडिक सर्जन आधीच ठरवा, अन् डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचा धातू नि कंपनी लिहून घ्या.