मदत हवी आहे : व्हीलहाऊसवाली जुनी शिडाची बोट

दोघांनी थंडी-पावसातही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरावं म्हणून बंद व्हीलहाऊसची (सुकाणू धरायची छप्पर-खिडक्यांची खोली) जुनी बोट शोधतोय. लांबी ९ मीटरच्या आसपास, पाण्याखालची खोली दीड मीटरच्या आत. शर्यतीचा वेग नको. आतून सुकाणू धरता यावं, समोरचं नीट दिसावं, एवढंच.

१९७० च्या दशकातली एक फिशर ३० (अशाच बोटीचं मॉडेल) मनात भरली आहे. केच (दोन डोलकाठ्यांची), लांब कील (बोटीखालचा उभा कणा), फायबरग्लासची. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायला ती मंद असते, ते मान्य आहे. डिझेल इंजिन थंड असताना सुरू करून पाहिलं. पटकन लागलं, धूर लगेच विरला. तळातही पाणी नव्हतं.

काळजी व्हीलहाऊसची आहे. खिडक्यांच्या चौकटींखाली ओघळ आहेत, आणि एका कोपऱ्यात टिचकी मारली की आवाज बद्द येतो. मालक म्हणतात, सीलंट (फटी बुजवायचा लेप) बदललं की झालं. मला ते पटत नाही, आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) नेमणारच आहे, पण बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्च त्याआधी करायचा की नाही, हे ठरवायचंय.

पॅनेल न उघडता कूज किती पसरली आहे हे कसं ओळखायचं? आणि किती पसरली असेल तर सौदा सोडून द्यावा?