मदत हवी आहे: तुडतुड्यांवरच्या औषधांची घरच्या घरी चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. यवतमाळकडं माझी चार एकर कपाशी आहे, बीटी, कोरडवाहू. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावूनच येतं, त्यामुळे पहिला महिना-सव्वा महिना निभावला. आता पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली मुरडायला लागल्यात. पान उलटं केलं की हिरवट पिल्लं तिरकी पळतात, म्हणजे रस शोषणारे तुडतुडेच.

दरवर्षी दुकानदार सांगेल ते फवारतो. यंदा म्हटलं, आपणच बघू. फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी (पाण्यात विरघळणारे दाणे), इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (द्रवरूप) आणि काहीच न फवारलेला तुकडा, असे तीन भाग पाडायचे. थायोमेथोक्झाम हे तिसरं कीटकनाशक मुद्दाम वगळलं. ते इमिडाच्याच गटातलं, मग नवीन काय कळणार?

अडचण अशी, की प्रत्येक भागात किती ओळी ठेवू? वाऱ्यानं औषध शेजारच्या ओळींत जातं, मग मोजणी मधल्याच ओळींत करावी ना? झाडाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं सकाळी मोजायची असं ठरवलंय, पण किती झाडं पुरतील? आणि फवारणीनंतर कितव्या दिवशी? फ्लोनिकॅमिडनं किडे लगेच मरत नाहीत, नुसतं रस शोषणं थांबवतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी मोजलं तर ते उगाच नापास व्हायचं.

शिवाय एका भागात तुडतुडे खाणारे मित्रकीटक जास्त असले, तर फरक औषधाचा की त्यांचा? प्रत्येक औषध दोन-तीन ठिकाणी विखरून मारावं का? बांधाकडची बाजू कायम जास्त पिवळी असते.

कोणी असं केलं असेल तर सांगा. उघडीप मिळाली की फवारणार आहे.